सायकलस्वाराला काय कळते?

सायकलवर बसणाऱ्या माणसाची आपल्या सायकलीविषयी जितकी ठाम मते असतात, तितकी बैलगाडीत बसणाऱ्याची गाडीविषयी नसतात आणि आगगाडीत बसणाऱ्याची तर मुळीच नसतात. याचे कारण उघड आहे. सायकल ही अशी गाडी आहे की जिचा बैलही आपण आणि गाडीवानही आपणच. रस्त्यावरचा खडा चाकाला लागतो, चाकाचा धक्का चिमट्याला पोहोचतो, चिमट्याचा हँडलला आणि हँडलचा आपल्या तळहाताला. तेव्हा ‘ही सायकल हलकी जाते’, ‘ती अंगावर येते’, ‘हिची फ्रेम जिवंत आहे’, ‘तिच्या चाकात दम नाही’ अशी भाषा स्वाराच्या तोंडी आली तर नवल नाही. ज्याचे पाय दुखतात त्याला बोलण्याचा अधिकार आहेच.

परंतु ही भाषा खरी किती? दोन सायकली घ्या. माप एक, टायर एक, रंग एक. फरक एवढाच की एकीच्या फ्रेमची नळी साध्या पोलादाची आणि दुसरीची नामांकित कारखान्याच्या भारी पोलादाची; किंवा एकीच्या चाकाच्या तारा सरळ ओवलेल्या आणि दुसरीच्या तिरप्या. स्वाराला काहीही न सांगता दोन्ही चालवायला दिल्या, तर त्याला त्या ओळखता येतील काय?

वरवर पाहता हा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटेल. तसा तो नाही. आज रविवारी पहाटे पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेला लागणाऱ्या तरुणांत लाख-लाख रुपयांची सायकल घेतलेले पुष्कळ असतात आणि ती किंमत त्यांनी बऱ्याच अंशी ‘जाणवणाऱ्या’ फरकासाठी मोजलेली असते. दुसऱ्या बाजूला, चाक बांधण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा मिस्त्रींचे कसब या प्रश्नावर टांगलेले आहे. फरक जर कुणाला कळतच नसेल, तर त्या कसबाचे मोल काय? आणि या दोहोंच्याही मागे एक जुने भांडण उभे आहे. अंगाला आलेला अनुभव खरा, की मोजपट्टीने सांगितलेला आकडा खरा? सायकलीचा दोनशे वर्षांचा इतिहास मी वाचला तो या भांडणाचा इतिहास म्हणूनच वाचला, आणि त्यातून मला जे उमगले ते येथे मांडतो.

१८१७ साली जर्मनीत मानहाइम येथे कार्ल ड्रायस या वनखात्याच्या अधिकाऱ्याने दोन चाकांचे लाकडी यंत्र काढले. त्याला पायडल नव्हते. पायांनी जमीन रेटीत पुढे जावे लागे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. चाके मात्र बग्गीच्या घराण्यातलीच राहिली. मध्ये तुंबा, त्यात लाकडी आरे, त्यांवर लाकडी पाटे आणि बाहेरून लोखंडी धाव. दगडी फरसबंदीवर हे यंत्र चालू लागले तेव्हा इंग्रजांनी त्याचे नाव ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारे, असे ठेवले. स्वाराला काय कळते असे त्या काळी विचारण्याची सोयच नव्हती. त्याला सगळेच कळत होते.

पहिली मोठी सुधारणा चाकात झाली. लाकडी आऱ्याचे चाक खालच्या आऱ्यावर काठीसारखे उभे असते. त्याऐवजी बारीक तारा ताणून चाक उभारावे ही कल्पना इंग्लंडातील जॉर्ज केली याने आपल्या उडत्या यंत्राच्या विचारात असताना १८०८ सालीच टिपून ठेवली होती. सायकलीत ती आणली पॅरिसच्या यूजीन मेयरने, १८६९ साली. पुढल्याच वर्षी कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ नावाची तारांच्या चाकाची सायकल काढली, आणि १८७४ साली स्टार्लीने तारा हबमधून सरळ बाहेर न नेता तिरप्या, एकमेकींना ओलांडीत ओवण्याची युक्ती काढली. तुमच्या-आमच्या सायकलीचे चाक आजही त्याच ओवणीचे आहे.

तारांमुळे चाक हलके झाले, तसे ते मोठे करता आले. माणसाच्या छातीइतके उंच पुढचे चाक आणि मागे बचकभर चाक, अशी ती सुप्रसिद्ध उंच सायकल आली. मोठे चाक लहान खड्ड्यात उतरत नाही, वरून निघून जाते, त्यामुळे धक्के कमी झाले. पण पडले की डोक्यावर पडावे लागे. १८८५ साली जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन लहान चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. पडण्याची भीती गेली आणि तिच्या जागी धक्के परत आले, कारण चाके लहान आणि त्यांवर भरीव रबर.

येथून आपल्या प्रश्नाला खरा रंग चढतो. हाताला मुंग्या येतात, पाठ दुखते, हे स्वाराला कळत होते व ते शंभर टक्के खरे होते. पण दोष कुणाचा? कारागिरांनी बोट ठेवले फ्रेमवर. त्याच १८८५ साली लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज यांनी ‘व्हिपेट’ नावाची स्प्रिंगची सायकल काढली. सीट, हँडल आणि पायडल यांचे परस्परांतले अंतर न बदलता ती तिन्ही बाकीच्या सांगाड्यापासून स्प्रिंगेने अलग केलेली. यंत्र म्हणून रचना हुशारीची होती आणि तिचा लौकिकही झाला.

तिकडे आयर्लंडातील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराची चाके होती. डनलॉपने एका लाकडी चकतीवर पातळ रबराची नळी बसविली, तीत हवा भरली आणि वरून कापड ठोकले. आता त्याने काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाला बसवून ‘कसे वाटते रे?’ असे त्याने आधी विचारले नाही. त्याने तीनचाकीचे चाक आणि आपली हवेची चकती अंगणात सारख्याच जोराने घरंगळून दिली. भरीव रबराचे चाक मध्येच कलंडले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकावर आपटले आणि मागे उसळले. पहिली साक्ष अशी बिनस्वाराची झाली. १८८८ साली त्याने पेटंट घेतले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विल्यम ह्यूम हा स्वार ते जाडजूड टायर लावून उतरला, तेव्हा लोक हसले आणि तो जिंकल्यावर गप्प झाले. (हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच पेटंटात नोंदविली होती, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे टिकले नाही, पण तो विषय वकिलांचा.)

पाच-दहा वर्षांत जगभर हवेचे टायर झाले आणि ‘व्हिपेट’ संग्रहालयात गेली. या घटनेचा अर्थ मी असा लावतो: स्वाराला जे जाणवत होते ते खरे होते, पण त्याचे ठिकाण त्याला सांगता येत नव्हते. दुखणे होते चाक जमिनीला टेकते त्या चार बोटे जागेत आणि उपचार चालला होता हातभर वर. माणसाच्या अंगालाही ही खोड आहेच. दुखतो दात आणि माणूस कान धरून बसतो.

हवेचा टायर आल्यावर धक्क्यांची तक्रार मिटली, पण जाणिवेची भाषा संपली नाही. ती अधिक सूक्ष्म झाली. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशी पोलादी नळी करण्याचे पेटंट घेतले. फ्रेम हलकी झाली आणि सांध्याशी मजबूत राहिली. १९३५ साली त्याच घराण्याच्या कारखान्याने मँगनीज व मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या शर्यतीचे स्वार तिची शपथ घेत राहिले. ‘५३१ ची फ्रेम चढावर साथ देते, साधी फ्रेम मरगळते’, असे अनुभवी माणसे छातीला हात लावून सांगत.

आता यंत्रशास्त्र काय म्हणते ते पाहा. पोलादाचे दोन गुण निरनिराळे असतात. एक त्याचे बळ, म्हणजे ते किती ओढ सोसून मग कायमचे वाकते. आणि दुसरा त्याचा ताठपणा, म्हणजे ठरावीक जोराला ते किती लवते. भारी पोलादाचे बळ साध्या पोलादाच्या दुप्पट असू शकते. ताठपणा मात्र जवळजवळ एकच. दाराच्या कडीचे लोखंड आणि ५३१ ची नळी, एकाच आकाराची केली तर एकाच जोराला सारखीच लवतील. मग भारी पोलादाचा उपयोग काय? ते बलवान असल्यामुळे नळी पातळ करता येते, त्यामुळे वजन कमी होते, आणि नळी पातळ झाली म्हणून ती थोडी अधिक लवते. म्हणजे फरक असलाच तर तो नळीच्या जाडीचा आणि घेराचा; पोलादाच्या कुळाचा नव्हे. स्वार मात्र कुळाचे गुण गात असतो.

शिवाय ती लवते कोणत्या दिशेला, हाही प्रश्न आहे. सायकलीची फ्रेम म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन त्रिकोण. पुलाच्या कैच्या त्रिकोणांच्या का करतात हे आम्ही वर्गात शिकवितो: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. तेव्हा वरून खाली येणाऱ्या भाराला फ्रेम जवळजवळ दबतच नाही. टायर मात्र त्याच भाराला कित्येक मिलिमीटर दबतो. गादीखाली लोखंडी खाट आहे की लाकडी, हे गादीवर निजणाऱ्याला जितके कळेल, तितकेच टायरवर बसलेल्याला फ्रेमच्या ‘मऊपणा’बद्दल कळणार. खालचा पदार्थ ताठ आहे एवढे पुरे. मऊपणा सारा वरच्या गादीचा.

चाकाच्या बाबतीतही तेच. जोबस्ट ब्रँट नावाचे एक इंजिनिअर कॅलिफोर्नियात होते. २०१५ साली ते वारले. दरसाल आल्प्सचे घाट सायकलीने चढणारा हा माणूस. नुसता खोलीत बसून आकडे मोडणारा नव्हे. १९८१ साली त्यांनी सायकलीच्या चाकावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी गणिताने असे दाखविले की भार पडला की चाकाच्या वरच्या तारा जवळपास जशाच्या तशाच राहतात. जमिनीजवळच्या तीन-चार तारांची ओढ तेवढी कमी होते. नीट ताणलेल्या चाकात एकेक तार शंभर किलो वजनाच्या आसपास ओढलेली असते, म्हणून ओढ कमी झाली तरी ती सैल पडत नाही. आणि सबंध चाक उभ्या दिशेने दबते ते मिलिमीटरच्या लहानशा अंशाने. टायर जिथे बोटाच्या जाडीच्या गोष्टी करतो, तिथे चाक कागदाच्या जाडीच्या गोष्टी करते. तारा एकमेकींना जिथे ओलांडतात तिथे बारीक तारेने बांधून डाग दिला की चाक ताठ होते, अशी शर्यतवाल्यांची जुनी श्रद्धा होती. ब्रँट यांनी तसे चाक बांधण्यापूर्वी व बांधल्यानंतर मोजले. मोजण्याजोगा फरक निघाला नाही.

येथवर वाचून वाचक म्हणेल की निकाल लागला. स्वाराला काही कळत नाही. पण यंत्रशास्त्राने ‘कळणार नाही’ असे सांगणे आणि माणसाला खरोखर न कळणे, या दोन गोष्टी आहेत. तोडगा एकच: विचारून पाहणे. मात्र ते न्यायाने विचारले पाहिजे.

न्यायाने कसे विचारावे हे एका चहाच्या कपाने शिकविले. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ काम करीत. चहात दूध आधी घातले की नंतर हे मला चवीवरून कळते, असे तेथील एक बाई म्हणाल्या. फिशर हसले नाहीत. त्यांनी आठ कप करविले, चार असे आणि चार तसे, क्रम सरमिसळ करून. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या प्रयोगाचा हिशोब मांडला: काहीही न कळता नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर सांगण्याचा संभव ७० त १ एवढाच. बाईंनी सगळे बरोबर ओळखले, अशी आठवण मागे राहिली आहे. मला या गोष्टीतली फिशर यांची वागणूक फार आवडते. माणसाचे म्हणणे तपासणे म्हणजे त्याला खोटे पाडणे नव्हे. त्याला खरे ठरण्याची पुरती संधी देणे होय.

सायकलीच्या बाबतीत अशी संधी फार उशिरा आली, कारण सायकलीला रंग असतो आणि रंग डोळ्यांना आधी दिसतो. एकोणीसशे चौतीसच्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत आंतोनँ मान्य हा विजेता ड्युरॅल्युमिनच्या रिमांवर धावला, पण त्या रिमा लाकडासारख्या रंगविल्या होत्या, असे सांगतात. कारण रिमा लाकडाच्याच हव्यात असा दंडक होता. पुढच्या काळात तर व्यवसायच झाला. थोर बेल्जियन स्वार एडी मर्क्स याच्या सायकलींवर एका काळी त्याचेच नाव असे, पण त्या जोडल्या होत्या इटलीच्या कोल्नागोने, नंतर दे रोझाने. लोक नाव वाचीत आणि त्या नावाचा गुण त्यांना सीटवर जाणवे.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील ‘बायसिकल गाइड’ मासिकाने ही गाठ सोडविण्याचे ठरविले. इटलीतील नामवंत कारागीर आंतोनियो मोंदोनिको यांनी कोलंबस कारखान्याच्या निरनिराळ्या सात प्रतींच्या पोलादी नळ्यांच्या सात फ्रेमी जोडल्या. स्वस्तातल्या नळीपासून महागातल्या नळीपर्यंत. मापे तीच, रंग तोच. कोणती कोणत्या नळीची हे चालविणाऱ्या लेखकाला ठाऊक नव्हते. ज्या नळ्यांविषयी जाहिरातींनी पानेच्या पाने भरली होती, त्यांतले अंतर त्याला सीटवर बसून सांगता आले नाही.

परंतु इतिहास एका साक्षीवर थांबत नाही. अमेरिकेतच सिअ‍ॅटल येथून निघणाऱ्या ‘बायसिकल क्वार्टरली’ या त्रैमासिकाने पुढे सारख्या दिसणाऱ्या, पण नळ्यांची जाडी आणि घेर निराळे असणाऱ्या फ्रेमींची अशीच झाकली परीक्षा घेतली. तिच्यात सर्वांना नव्हे, पण काही स्वारांना फ्रेमी ओळखता आल्या. हे पहिल्या निकालाच्या उलट दिसते. पण नीट पाहिले तर तसे नाही. या स्वारांना कळला तो धक्क्यांचा मऊपणा नव्हे. जोर लावून पायडल मारताना फ्रेमचा खालचा भाग बाजूला लवतो, आणि ते लवणे काही मिलिमीटरांचे असते. ते त्यांच्या पायांना कळले. फ्रेम ज्या दिशेने खरोखर हलते त्या दिशेचे ज्ञान अंगाला होऊ शकते. जी हालचाल होतच नाही तिचे ज्ञान कुणालाच होत नाही. म्हणजे अंगही खोटे नाही आणि गणितही खोटे नाही. खोटे ठरते ते दोघांच्या मध्ये बसलेले वर्णन.

वजनाची गोष्ट अशीच आहे. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली स्पर्शावर ग्रंथ लिहिला. हातात उचललेल्या दोन वजनांत सुमारे चाळिसाव्या भागाचा फरक असला तर तो माणसाला कळतो, असे त्यांना आढळले. आता दुकानात जा. दहा किलोची सायकल उचला, मग साडेनऊ किलोची उचला. फरक विसाव्या भागाचा. हाताला तत्काळ कळणार, आणि खिशातून पैसे निघणार. पण रस्त्यावर सायकलीत आपलेही वजन मिळविले पाहिजे. स्वार पासष्ट किलोचा धरला, तर अर्धा किलो हा एकूण भाराचा दीडशेवा भाग झाला. दुकानात हाताने दिलेली साक्ष खरी होती. रस्त्यावर ती लागू नव्हती. डिसेंबर २०१० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जेरेमी ग्रोव्ह्ज या डॉक्टरांनी आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा हिशोब छापला. शेफील्डहून चेस्टरफील्डच्या इस्पितळात जाऊन येऊन सुमारे ४३ किलोमीटर. साडेतेरा किलोची जुनी पोलादी सायकल आणि साडेनऊ किलोची नवी कार्बनची, यांतली कोणती घ्यायची हे ते रोज नाणे उडवून ठरवीत. महिनोन् महिने वेळ टिपल्यावर दोहोंच्या सरासरीत सुमारे अर्ध्या मिनिटाचा फरक निघाला, आणि तोही जड सायकलीच्या बाजूने. त्याला अर्थ काहीच नाही. तो योगायोगात जमा. आपण कोणत्या सायकलीवर आहोत हे त्यांना अर्थातच कळत होते. पण चार किलोंचा फरकही घड्याळाला कळला नाही.

मग अंगाला बारीक असे काहीच कळत नाही काय? पुष्कळ कळते. सीट दोन-चार मिलिमीटर वर-खाली झाली तर रोजच्या स्वाराचे गुडघे सांगतात. सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लवा येथे झालेल्या अपघातात मर्क्सच्या कमरेला इजा झाली; तेव्हापासून तो आपली सीट सतत कमी-अधिक करीत राहिला, चालू शर्यतीतसुद्धा. टायरमधली हवा थोडी उतरली तर शाळकरी पोराला पहिल्या वळणावर कळते. जिथे बदल मोठा तिथे अंग तज्ज्ञ आहे.

आणि नेमके याच जागी अंगाने शंभर वर्षे सर्वांत मोठी दिशाभूल केली. हवा जितकी कडक आणि टायर जितका अरुंद तितकी सायकल वेगवान, ही गोष्ट शर्यतीतल्या जगाला स्वयंसिद्ध वाटत होती. कडक टायरवर रस्त्याची बारीक कंपने सळसळत वर येतात. वेग वाढला की कंपने वाढतात, हा नेहमीचा अनुभव. तेव्हा कंपने वाढली म्हणजे वेग वाढला, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. सळसळ खरी होती. वेग मोजला तेव्हा दिसले की खडबडीत रस्त्यावर टायर फार कडक असला तर प्रत्येक खड्यावर सबंध स्वार उचलला जातो आणि त्यात शक्ती वाया जाते. थोडा रुंद व थोडा मऊ टायर कमी शक्तीत जातो. या शतकाच्या आरंभी २३ मिलिमीटरच्या टायरवर धावणारे व्यावसायिक स्वार पुढे २५ वर आले आणि नंतर २८ व त्याहूनही रुंद टायरवर. संथ वाटणारी सायकल घड्याळात पुढे निघाली. डनलॉपच्या अंगणातला धडा जगाने सव्वाशे वर्षांनी पुन्हा गिरविला.

आता राहिला प्रश्न मिस्त्रींच्या कसबाचा, आणि मला तो या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या गावी बसस्टँडच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत. चाक चिमट्यात उलटे धरून ते तारांवर नखाने टिचकी मारतात, आवाज ऐकतात, एखादी पिळतात, एखादी सोडतात. तंबोरा लावणाऱ्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. त्यांच्या हातच्या चाकावर सायकल हलकी पळते अशी गिऱ्हाइकांची ख्याती आहे. ब्रँट यांचे म्हणणे मी एकदा त्यांना जमेल तसे समजावून सांगितले. मला वाटले होते ते रागावतील. ते म्हणाले, “गुरुजी, गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी काय वाटतं ते मी धरतच नाही. त्या दिवशी त्याला नवी घंटीपण छान वाटते. दोन वर्षांनी चाक आउट होऊन परत आलं, तर मी चुकलो. नाही आलं, तर बरोबर.”

यंत्रशास्त्राचा निकाल याहून निराळा नाही. सायकलीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा खाली येऊन सैलावते व पुन्हा ताणते. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्या माणसाच्या चाकातली तार दिवसाला साडेचार हजार वेळा हे सोसते. गावठी काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा. त्यांत एखादी सैल राहिली की तिचा निपल फिरू लागतो, शेजारणीवर भार येतो, चाक वाकते आणि एके दिवशी तार वाकाशी तुटते. सारख्या आणि पुरेशा ओढीने बांधलेले चाक वर्षानुवर्षे सरळ राहते. हा फरक फार मोठा आहे. पण तो एका फेरीत सीटवर बसून कळण्याजातीचा नाही. तो वर्षांच्या हिशोबात कळतो. चांगल्या चाकाची ओळख हीच की ते आहे याचा आपल्याला विसर पडतो.

वाचकांपैकी कुणाला हौस असेल त्याने फिशर यांचा प्रयोग आपल्या अंगणात करून पाहावा. दोन सायकली, टायरांत मापून सारखी हवा, सीट सारख्या उंचीवर, ओळखीच्या खुणा फडक्याने झाकलेल्या. आठ फेऱ्या, चार हिच्यावर आणि चार तिच्यावर, क्रम दुसऱ्याने चिठ्ठ्या टाकून ठरविलेला. आठही बरोबर आल्या तर खुशाल अभिमान बाळगावा. न आल्या तर लाजण्याचे कारण नाही; जगातल्या नामांकित स्वारांच्या पंगतीत आपण बसलो असे समजावे, आणि उरलेल्या पैशांतून एक चांगला पंप घ्यावा. हवा रोज बघणाऱ्याला जो फरक जाणवेल तो कोणत्याही नळीने आजवर दिलेला नाही.